बैठक मोडायला हवी

दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या लंडनमध्ये डॉक्टरांना एका नव्याच प्रश्नाने घेरलं होतं. जंतूंच्या रोगांवर औषधं हाताशी येऊ लागली होती, आणि तरीही पन्नाशीच्या आतबाहेरची, वरकरणी धडधाकट माणसं छातीत कळ येऊन जात होती. त्याचं कारण कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. जेरी मॉरिस या डॉक्टरांना वाटलं, की माणूस दिवसभर कोणतं काम करतो याच्याशी या आजाराचं नातं असावं. ते तपासायला त्यांना अत्यंत सोयीची जागा सापडली : लंडनची डबलडेकर बस.

एकाच बसवर दोन माणसं कामाला. दोघं एकाच थरातून आलेली, एकाच शहरात राहणारी, तीच धुरकट हवा घेणारी. फरक एवढाच, की ड्रायव्हर पाळीचा जवळजवळ नव्वद टक्के वेळ बसून असे आणि कंडक्टर तिकिटं देत सारखा खालीवर करी. मॉरिस यांच्या माणसांनी बसमध्ये बसून मोजणी केली. एका पाळीत कंडक्टर पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत होता. मुंबईकराला हे चित्र समजावून सांगायला नको. बेस्टची डबलडेकर मुंबईत १९३७ साली आली आणि जुन्या डिझेल गाड्यांमधली शेवटची १५ सप्टेंबर २०२३ रोजी धावली. तिच्या अरुंद जिन्यावरून पंच वाजवत चढउतर करणारा कंडक्टर अनेकांनी पाहिलेला आहे.

१९४९ आणि १९५० या दोन वर्षांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार वाहतूक कामगारांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, झाला तरी उशिरा होत होता आणि सौम्य असे. अचानक मरण येण्याचं, किंवा पहिल्या झटक्यानंतर थोड्याच काळात दगावण्याचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये दुपटीच्या आसपास होतं. मॉरिस यांनी मग टपाल खात्याकडे पाहिलं. पायी वा सायकलने पत्रं वाटणारे पोस्टमन आणि कचेरीत बसून काम करणारे कारकून व टेलिफोन ऑपरेटर यांच्यातही तोच फरक दिसला.

शंका लगेच निघाली, आणि ती रास्त होती. ड्रायव्हरला रस्त्यावरच्या गर्दीचा ताण असतो, त्याचं काय? शिवाय मुळातच जाडजूड माणसं ड्रायव्हर होत असतील तर? मॉरिस यांनी या दुसऱ्या शंकेचा छडा फार कल्पकतेने लावला. बस कंपनी कामगारांना गणवेश शिवून देत असे, म्हणजे प्रत्येकाच्या विजारीचं माप दप्तरी होतं. ती मापं काढल्यावर कळलं, की ड्रायव्हरांची कंबर तरुण वयातही कंडक्टरांपेक्षा मोठी होती. हा दोष त्यांनी लपवला नाही; १९५६ साली स्वतःच छापला. पुढे १९६६ पर्यंतच्या पाहणीत असं दिसलं, की विजारीचं माप कितीही असो, लहान, मध्यम वा मोठं, अचानक मृत्यू ड्रायव्हरांमध्येच अधिक होते. मॉरिस स्वतः आयुष्यभर चालत आणि पोहत राहिले. २००९ साली ते वारले तेव्हा शंभरीला काही महिनेच उरले होते.

या कथेतून ‘व्यायाम करा’ एवढाच धडा बहुतेक लोक घेतात. मला त्यातलं वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं. कंडक्टर व्यायाम करत नव्हता. तो पहाटे उठून मैदानात धावून आला नव्हता. त्याच्या कामातच हालचाल होती, आणि ती दिवसभर, थोडी थोडी, विखुरलेली होती. ड्रायव्हरच्या कामातून ती काढून घेतली होती. गेल्या पन्नाससाठ वर्षांत आपण एकेका कामातून ही हालचाल अशीच काढून घेतली. बँकेतल्या जाडजूड खतावण्या गेल्या, फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पायी जायच्या थांबल्या, वाणसामान दारात येऊ लागलं आणि २०२० नंतर तर कित्येकांची कचेरीच झोपायच्या खोलीत आली. यातली एकेक सोय चांगलीच आहे. पण त्यांची बेरीज म्हणजे सलग बसलेला दिवस, आणि शरीर त्याची किंमत मोजतं.

ही किंमत नेमकी कशी मोजली जाते? बसल्यावर काही बिघडतं असं आपल्याला जाणवत नाही, म्हणूनच ते समजून घेणं गरजेचं आहे. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्या, नितंब आणि पोटऱ्या इथे असतात. उभं राहिलं की ते अंगाचा भार तोलायला कामाला लागतात. खुर्चीत टेकून बसलं की हा भार खुर्ची घेते आणि ते स्नायू जवळजवळ गप्प होतात. हात कीबोर्डवर चालत असतात, डोकं चालत असतं, माणूस संध्याकाळी दमलेलाही असतो. पण कमरेखालचं निम्मं शरीर दिवसभर रजेवर असतं.

आता, स्नायूंचं काम फक्त आपल्याला हलवण्यापुरतं नसतं. जेवणानंतर रक्तात जी साखर येते तिचा मोठा वाटा स्नायू उचलतात. एरवी त्यासाठी इन्शुलिन लागतं. पण स्नायू आकुंचन पावत असेल तर तो इन्शुलिनवर फार अवलंबून न राहता रक्तातली साखर आत ओढून घेऊ शकतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसासाठी ही केवढी मोलाची सोय आहे! ज्याच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतोय, त्याला चालणाऱ्या पायांकडून मदत मिळते. बसून राहिलं की हा मार्ग बंद होतो, सगळा भार इन्शुलिनवर पडतो आणि स्वादुपिंडाला ते जास्त तयार करावं लागतं. रक्तातल्या चरबीचीही अशीच गत. स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर ‘लायपोप्रोटीन लायपेज’ नावाचं विकर असतं, जे रक्तातली चरबी फोडून स्नायूंना इंधन म्हणून देतं. अमेरिकेत मार्क हॅमिल्टन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मागच्या पायांवर भार पडू दिला नाही, तेव्हा त्या पायांतल्या या विकराचं काम काही तासांतच झपाट्याने खाली आलं. उंदराची गोष्ट माणसाला जशीच्या तशी लागू होत नाही, पण दिशा तीच आहे.

मेलबर्नच्या बेकर संस्थेतला २०१२ सालचा प्रयोग मला फार बोलका वाटतो. वजन जास्त असलेल्या, ४५ ते ६५ वयाच्या १९ जणांना गोड पेय देऊन पाच तास बसवलं. एका दिवशी ते सलग बसले. दुसऱ्या दिवशी दर वीस मिनिटांनी उठून दोन मिनिटं सावकाश चालले. घाम नाही, धाप नाही, नुसतं रमतगमत चालणं. तेवढ्याने जेवणोत्तर साखरेची चढण सुमारे २४ टक्क्यांनी आणि इन्शुलिनची २३ टक्क्यांनी कमी झाली. आपल्याकडे रात्रीच्या जेवणानंतर शतपावली घालायची रीत पिढ्यान्पिढ्या आहे, आणि जेवणानंतरच्या दोन ते पाच मिनिटांच्या चालण्यानेही साखर खाली येते, असं अलीकडच्या पाहण्या दाखवतात. तरी दुपारचा डबा संपल्यावर आपण सरळ खुर्चीत जातो. ज्या अर्ध्या तासात साखर सगळ्यात वेगाने चढत असते, नेमक्या त्याच वेळी पाय थांबवतो.

हे सगळं जगातल्या कुणालाही लागू आहे. पण आपल्याला अधिक लागू आहे, आणि त्याचा पुरावा पुण्यातून आलेला आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन मित्रांनी जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला दोघांचा एक फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचा तंतोतंत सारखा होता, २२.३. कोणत्याही तक्त्यानुसार दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. यामागे आईच्या पोटातल्या पोषणापासून खाण्यापर्यंत अनेक कारणं असू शकतात. त्यांतलं एक त्या दोघांनी मोकळेपणाने नोंदवलं आहे. युडकिन मॅरेथॉन धावत होते, तर याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी इस्पितळाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी ते गाठणं.

त्याआधी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये याज्ञिकांच्या गटाने गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला होता. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. आपलं बाळ लहान खरं, पण कमी पडतात ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव. त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली असते. बारीक दिसणारं, पण आतून चरबी बाळगणारं हे शरीर घेऊन आपल्यातले अनेक जण जन्माला येतात. ज्याच्याकडे स्नायूंचं भांडवल आधीच कमी, त्याने ते दिवसातले दहा तास बंद ठेवलं तर मधुमेह लवकर येणार, हे समजायला अवघड नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले : देशात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख, आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. ‘मी कुठे जाड आहे?’ हा प्रश्न म्हणूनच आपल्याकडे धीर देत नाही. वजनकाट्यापेक्षा कमरेला मोजपट्टी लावून पाहावं. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर तपासणीची वेळ झाली.

साखर आणि चरबी यांचे परिणाम दिसायला वर्षं लागतात. बसण्याचा एक धोका मात्र काही तासांचा आहे आणि तोही लंडननेच दाखवला. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी शहरावर रात्रीमागून रात्री बॉम्बवर्षाव सुरू केला. माणसं तळघरांत आणि भुयारी आश्रयस्थानांत जाऊ लागली. झोपायला जागा नव्हती, म्हणून अनेकांनी कापडी डेकचेअर नेल्या आणि त्यांतच रात्र काढली. त्या खुर्चीची पुढची लाकडी दांडी गुडघ्यामागे, मांडीखाली रुतते. न्यायवैद्यक तज्ज्ञ कीथ सिम्पसन यांच्या लक्षात आलं, की फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून मेलेल्यांची प्रेतं एकाएकी वाढली आहेत. आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना केली तर प्रमाण सुमारे सहापट होतं, आणि मेलेल्यांत बरेच जण रात्रभर आश्रयस्थानात बसून राहिलेले होते. बॉम्बपासून वाचलेली ही माणसं खुर्चीने नेली होती. सिम्पसन यांनी ते लगेच ‘लॅन्सेट’ला कळवलं, आणि आश्रयस्थानांत पुढे आडवं होता येईल अशा फळ्यांची सोय होत गेली.

हे घडतं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. हृदय रक्त पायापर्यंत ढकलतं, पण परत वर आणायला त्याचा जोर पुरत नाही. ते काम पोटरीचे स्नायू करतात. प्रत्येक पावलाला ते आवळतात, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं. शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. आपण नुसते स्तब्ध उभे असलो, तर पाऊल आणि घोट्याजवळच्या शिरांमध्ये पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास दाब असतो. चार पावलं चालताच तो ३० च्या खाली येतो. पोटरी थांबली की रक्त साचतं, आणि साचलेलं रक्त गोठायला उत्सुक असतं. हे तत्त्व जर्मन वैद्यक रुडॉल्फ विरशो यांच्या नावाने १९व्या शतकापासून ओळखलं जातं. पोटरीत तयार झालेली गुठळी सुटून वर सरकली, तर हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकते.

आता हे फक्त युद्धातल्या लंडनपुरतं उरलेलं नाही. मुंबईहून न्यूयॉर्कचं थेट विमान पंधरा तासांच्या वर हवेत असतं, आणि त्यात मुलानातवंडांना भेटायला निघालेले साठी-सत्तरीचे आईवडील असतात. रात्रीच्या खासगी बसने पुण्याहून नागपूरला जाणारा माणूसही बारा तासांच्या वर गाडीत असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलं, की चार तासांच्या वरच्या प्रवासात गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, मग ते विमान असो, रेल्वे असो, बस वा मोटार. घाबरून जाण्याचं कारण नाही. निरोगी माणसात तो दुप्पट झालेला धोकाही सहा हजारांत एक एवढाच आहे. पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेली, कर्करोगावर उपचार घेणारी, गरोदर वा बाळंतीण, किंवा आधी गुठळी झालेली व्यक्ती असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. ज्येष्ठांना विमानात उठायचा संकोच वाटतो, शेजाऱ्याला त्रास नको म्हणून ते पाणीसुद्धा कमी पितात. त्यांच्यासाठी तिकीट काढणाऱ्या मुलांनी कडेची जागा मागून घ्यावी. आणि एक खूण सगळ्यांनी लक्षात ठेवावी : प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली तर तेल चोळत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. त्यात अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागलं तर थेट इस्पितळ गाठावं.

रोजच्या बसण्यात सहसा गुठळी होत नाही, पण पायांच्या धमन्यांवर ताण पडतोच. इंडियाना विद्यापीठात बारा तरुणांना तीन तास सलग बसवलं, तेव्हा मांडीतल्या मुख्य धमनीची गरजेप्रमाणे रुंदावण्याची क्षमता पहिल्याच तासात लक्षणीय घटली. त्याच तरुणांनी दर तासाला पाच मिनिटं चालल्यावर ही घट झाली नाही. पाठीचंही तसंच. दोन मणक्यांमधल्या गादीला थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो; दाबली जाणं आणि सुटणं यातूनच तिला पोषण मिळतं. एकाच कोनात तासन्‌तास बसून राहिलं की ती ये-जा मंदावते. महागड्या खुर्चीने आराम वाटेल, पण खुर्ची कितीही चांगली असली तरी ती आपल्या वतीने हालचाल करणार नाही.

यावर हमखास विचारलं जातं : मी रोज सकाळी तासभर फिरतो, मग दिवसभर बसलो तर काय बिघडलं? या प्रश्नाचं उत्तर देणारी मोठी पाहणी २०१६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. उल्फ एकेलुंड आणि सहकाऱ्यांनी दहा लाखांवर माणसांची माहिती एकत्र केली. रोज ६० ते ७५ मिनिटं झपझप चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांमध्ये, दिवसाला आठ तासांहून अधिक बसूनही, अकाली मृत्यूचा वाढीव धोका दिसला नाही. तेव्हा सकाळी फिरणाऱ्यांनी आपलं फिरणं मुळीच सोडू नये. पण ६० ते ७५ मिनिटं, रोज, झपझप, हे जमणारे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मधल्या अहवालानुसार भारतातल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांची किमान पुरेशीही हालचाल होत नाही. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. कचेरीतून आल्यावर पुन्हा स्वयंपाकघरात जुंपली जाणारी बाई सकाळचा तास आणणार कुठून? तिला दिवसभरात विखुरलेली दोन-दोन मिनिटंच परवडतात, आणि त्यांचा खराखुरा फायदा आहे ही मोठी दिलाशाची बाब आहे. एकेलुंड यांच्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली : दिवसाला पाच तास वा जास्त टीव्हीसमोर बसणाऱ्यांचा धोका भरपूर व्यायामानेही पूर्ण पुसला गेला नाही. तिथे बहुधा बसण्याच्या जोडीला रात्रीचं जेवण, खाणं आणि न उठता जाणारे लांबलचक तास, हे सगळंच येतं.

उलट्या टोकाच्या सल्ल्यांपासूनही सावध राहावं. ‘बसणं म्हणजे नवं धूम्रपान’ असं सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. तंबाखू बसण्यापेक्षा कितीतरी पटींनी घातक आहे, आणि अशा तुलनेने तंबाखूचं भय उगाच कमी होतं. उभं राहून काम करण्याच्या टेबलांचंही तेच. बसण्याऐवजी सहा तास उभं राहिलं, तर ६५ किलोच्या माणसाच्या जेमतेम ५४ कॅलरी जास्त खर्च होतात. एका पोळीएवढ्याही नाहीत. आणि दिवसभर उभं राहून पायांच्या शिरा फुगतात, हे दुकानांत काम करणाऱ्या बायकांना विचारावं. केरळमधल्या कापडदुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. तिथे २०१८ साली आणि तमिळनाडूत २०२१ साली त्यासाठी कायद्यात बदल झाले. कुणाला उठू दिलं जात नाही, कुणाला बसू दिलं जात नाही. दोन्हीकडे त्रास एकच आहे, शरीर एकाच अवस्थेत अडकवलं जाण्याचा.

टांझानियातल्या हाड्झा लोकांचा अभ्यास इथे फार उपयोगी पडतो. शिकार आणि कंदमुळं यांवर जगणारी ही माणसं दिवसाचे सुमारे दहा तास न हलता विसावलेली असतात, म्हणजे जवळजवळ शहरी माणसाइतकीच. तरी त्यांच्यात हृदयविकाराची लक्षणं फार कमी. ती एरवी भरपूर चालतात, हे एक कारण. पण २०२० मध्ये डेव्हिड रायक्लेन यांच्या गटाने दाखवलं, की विसावताना ही माणसं बराच वेळ उकिडवी किंवा गुडघ्यांवर बसतात आणि त्या अवस्थेत पायांचे स्नायू खुर्चीपेक्षा जास्त जागे असतात. आपल्या घरांत परवा-परवापर्यंत हेच चालत होतं. विळीवर भाजी चिरणं, पाटावर जेवणं, अंगणात सारवणं, सगळं जमिनीलगत; दिवसातून वीसदा बसायचं आणि उठायचं. मांडी घालून बसल्याने स्नायू फारसे जागे राहत नाहीत, पण जमिनीवरून उठणं ही पायांची आणि तोलाची मोठी परीक्षा असते. ब्राझीलमध्ये क्लॉडिओ जिल अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार जणांना हात-गुडघे न टेकता जमिनीवर बसायला आणि उठायला लावून गुण दिले. पुढच्या सहा वर्षांत सगळ्यात कमी गुण मिळालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सगळ्यात जास्त गुणवाल्यांच्या पाच-सहापट होतं. गुडघे झिजलेल्यांनी ही परीक्षा देऊ नये. पण ज्यांचे गुडघे ठीक आहेत त्यांनी एक वेळचं जेवण पुन्हा जमिनीवर आणलं, तर ते पन्नाशीनंतर फार कामी येईल.

मग रोज करायचं काय? अर्ध्या तासाच्या वर सलग बसायचं नाही, हा एक नियम पुरेसा आहे. उठून दोन-तीन मिनिटं चालायचं. फोन आला की उभं राहून, चालत बोलायचं. पाण्याची मोठी बाटली जवळ न ठेवता पेला भरायला उठायचं. जेवणानंतर लगेच दहा मिनिटं खाली उतरून यायचं, एकदोन मजले जिन्याने जायचं. ज्यांना उठताच येत नाही, एसटीचे चालक, रिक्षावाले, त्यांनी गाडी थांबेल तिथे खाली उतरावं. बसल्या जागी टाचा उचलून पोटऱ्या आवळल्या तरी रक्त पुढे सरकतं. आठवड्याला दीडशे मिनिटांचा झपझप व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारी कसरत हा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला याच्या जोडीला आहेच.

पण हे सगळं माणसाच्या निश्चयावर सोडून चालणार नाही, आणि मला शेवटी बोलायचं आहे ते याबद्दल. लंडनच्या कंडक्टरला कुणी पायऱ्या चढायचा उपदेश केला नव्हता. त्याच्या कामाची रचनाच तशी होती. आज हिंजवडीतल्या कॉल सेंटरमध्ये जागेवरून उठल्याची मिनिटं मोजली जातात. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुलं दहा-बारा तास खुर्ची सोडत नाहीत, कारण सोडणारा मागे पडेल अशी त्यांना भीती घातलेली असते. सोलापुरात विडी वळणारी बाई हजाराचा आकडा पुरा होईपर्यंत सूप मांडीवरून खाली ठेवू शकत नाही, तिची मजुरीच तशी बांधलेली आहे. या सगळ्यांना ‘दर अर्ध्या तासाने उठा’ म्हणून सांगणं सोपं आहे; उठायची मुभा देणं त्यांच्या हाती नाही. ती ज्यांच्या हाती आहे त्या व्यवस्थापकांनी, अभ्यासिका चालवणाऱ्यांनी, मुकादमांनी आणि घरातल्या मोठ्यांनी उठलेल्या माणसाकडे कामचुकार म्हणून पाहणं थांबवावं. लांबलेली बैठक मध्येच थांबवून सगळ्यांना दोन मिनिटं उभं करावं. याला पैसा लागत नाही, जागा लागत नाही. वरिष्ठाने आधी स्वतः उठावं लागतं.